पाठीवरचा बासमती

मी शाकाहारी माणूस. केकमध्ये लपून आलेलं अंडं आपल्याला दिसलंच नाही असं दाखवतो, एवढाच काय तो माझा मांसाहार. तरीही येत्या ऑक्टोबरात मी कोलोराडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला निघालो आहे. बंदूक शेजाऱ्याची, परवाना शेजाऱ्याचा, नेमही त्याचाच. माझी फक्त पाठ.

एल्क हे सांबराच्या कुळातलं थोरलं जनावर. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे जातो. गोळी झाडायला एक बोट पुरतं, पण हाडं काढल्यावर उरलेलं ९०-१०० किलो मांस गाडीरस्त्यापर्यंत उतरवायला खांदे लागतात. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून नुसती शिंगं मिरवत येणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून साठी ओलांडलेल्या शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, "डोंगर चढायची सवय आहे?"

"मी सह्याद्रीतला आहे," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर तो सह्याद्री कसला! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, कॉलेजात असतानाच सर केल्याचंही सांगून टाकलं. त्याने उंची विचारली. "१,६४६ मीटर." तो सज्जन माणूस, गवताकडे बघत राहिला. आम्ही उभे होतो ते डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आहे. म्हणजे माझ्या पराक्रमाचं शिखर माझ्या न्हाणीघरापेक्षा ३७ मीटर उंच. दूध आणायला मी रोज कळसूबाईच्या खांद्यावरूनच जातो. एल्कची वस्ती त्याहून कितीतरी वर, ३,००० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सत्तर टक्के. बाकीचे तीस टक्के सह्याद्रीच्या अभिमानावर भरून काढायचे होते.

तयारीची रीत साधी: सॅकमध्ये वजन भरायचं, चढायचं, दर आठवड्याला वजन थोडं वाढवायचं. प्रश्न एवढाच की वजन कशाचं? शेजारी वाळूची पिशवी वापरतो. पण वाळू विकत घ्यायची, ही कल्पना माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला झेपेना. घरात एवढं धान्य असताना वाळू? इंडियन स्टोअरमधली बासमतीची २० पौंडी थैली म्हणजे नऊ किलो. ती सॅकमध्ये अशी बसते की जणू शिवणाऱ्याने तिचंच माप घेतलं होतं. तूरडाळीची पिशवी वरच्या कप्प्यात, मानेखाली. कणकेची थैली मात्र घेऊ नये. ती पाठीवर आकार बदलते, आणि घरी आल्यावर काळ्या टी-शर्टवरून तिचा सगळा प्रवास वाचता येतो. साबुदाणा कुरकुरतो. पोहे दिसायला भरपूर, वजनाला फसवे. काही नातेवाइकांची आठवण होते. राजमा उत्तम, पण पिशवी फाटली तर उतारावर आपल्याआधी तो खाली पोचतो. शेवटी बासमतीच ठरला. रोज संध्याकाळी तांदूळ डोंगर बघून येऊ लागला. एकदा वाटेत मंडळातलं एक कुटुंब भेटलं. त्यांनी उघड्या सॅकमधून डोकावणारा बासमती पाहिला आणि काळजीने विचारलं, "गाडी बंद पडली का हो?" मी एल्कचं नाव काढल्यावर त्यांची काळजी आणखी वाढली. पंधरवड्याने बायकोने थैली उघडली, मूठभर तांदूळ हातावर घेतला आणि जाहीर केलं, "याची कणी झालीय. आता पुलाव विसरा, मऊ भात खा." हा लांब दाण्याचा, जुना तांदूळ माझ्यासाठी चेंगरला, याचं मला वाईट वाटलं आणि थोडा गर्वही.

मग शेजारी मला मॅनिटूच्या इन्क्लाइनवर घेऊन गेला. जुन्या केबल रेल्वेच्या मार्गावरच्या या २,७६८ पायऱ्या मैलभराच्या आत सुमारे २,००० फूट वर नेतात. त्याने पाठीवर पाण्याचे कॅन घेतले होते. वर पोचल्यावर ते ओतून दिले आणि रिकाम्या पाठीने बाजूच्या पायवाटेने उतरला. गुडघे वाचवायची ही युक्ती. तांदूळ कसा ओतणार? अन्नाचा अपमान नको म्हणून मी नऊ किलो अन्नपूर्णा पाठीवर घेऊन उतरलो.

चढणीचा दम तिथल्या तिथे फिटतो, उतरणीची वसुली नंतर येते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याचे बारीक धागे तुटतात, आणि दुखणं एक-दोन दिवसांनी भरात येतं. ताकद येते ती धागे सांधले जाताना, म्हणजे झोपेत, खाण्यात, स्वस्थ पडण्यात. मनगटावरचं घड्याळ रात्रभर माझी नाडी मोजतं आणि सकाळी हुकूम सोडतं: आज विश्रांती. एवढा आज्ञाधारक मी शाळेतही नव्हतो.

अशाच एका आज्ञाधारक दुपारी जिन्यावरून बायकोची पावलं ऐकू आली. धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन ती वर चालली होती. मग खाली. मग पुन्हा वर. तिच्या मनगटावर साधं घड्याळ आहे, ते फक्त वेळ सांगतं. आणि मला एकदम आमचं साताऱ्याकडचं गाव आठवलं. आई आडावरून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, उतरती ओली वाट. दर आठवड्याला वजन वाढवायची सोय नव्हती, कारण ते पहिल्या दिवसापासून पूर्ण होतं. आज तिचे गुडघे गेले आहेत. "वय झालं," असं आम्ही सगळे म्हणतो. ते कशाने गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यात यायला माझे स्वतःचे गुडघे दुखावे लागले. हौसेने ओझं वाहणाऱ्या माझ्यासारख्याच्या विश्रांतीचं केवढं शास्त्र झालंय! घरासाठी ओझं वाहणारीला कुणी अर्धी सुट्टीही लिहून दिली नाही. याचा राग यावा असा माणूस समोर कुणी नव्हता. आरसा होता, पण तो मी फुगलेल्या पोटऱ्या बघायला लावला होता.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने मला भर सकाळी भिंतीला पाय लावून पडलेला पाहिलं.

"बरं नाही का रे?"

"बरा आहे. आज विश्रांतीचा दिवस आहे."

"कोण म्हणतं?"

"घड्याळ."

ती जरा विचारात पडली. "महाग असतं का रे ते?"

"तुला पाठवू?"

"पाठव. पण आवाज मोठा असलेलं बघ. तुझ्या बाबांना ऐकू गेलं पाहिजे."