सांगता येत नाही

वैद्य होऊ इच्छिणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांना ज्या देशात शरीराच्या रचनेआधी परिच्छेदाची रचना विचारतात, त्या ब्रिटनमध्ये मुलाच्या बिऱ्हाडी गेल्या उन्हाळ्यात माझा तीन महिने मुक्काम घडला. आणि नात यूकॅट नामक प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असता शेजारच्या खुर्चीत बसून मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते विस्मरणापूर्वी कलमबंद करावे, या हेतूने हा मजकूर उमेदवारांच्या सेवेशी रुजू करीत आहे.

प्रथम तपशील. २००६ साली सुरू झालेल्या या परीक्षेचा पहिलाच विभाग शाब्दिक तर्काचा असून त्यात अकरा उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न, एकूण चव्वेचाळीस प्रश्न आणि मुदत बावीस मिनिटांची असते. म्हणजे प्रश्नामागे तीस सेकंद, आणि उतारा वाचण्याचा वेळही त्यातूनच काढावयाचा. आमच्याकडील नीट परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात आणि भाषेशी तिचा संबंध प्रश्न समजण्यापुरताच येतो, त्यामुळे लातूरच्या शिकवणीत घडलेल्या माझ्या भाचेनातवाला हे ऐकून इंग्लंडच्या डॉक्टरांविषयी वाटू लागलेली काळजी अद्याप कमी झालेली नाही.

आता मुख्य सूत्र. बऱ्याच प्रश्नांत एक विधान देऊन ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक निवडावयास सांगतात, आणि बुद्धिमान, बहुश्रुत, घरात वर्तमानपत्र येणाऱ्या कुटुंबातील उमेदवाराचा घात होतो तो या तिसऱ्या पर्यायापाशी. कारण आपणांस एखादी गोष्ट ठाऊक असता ‘सांगता येत नाही’ असे म्हणणे हे निदान आमच्या पिढीच्या मराठी माणसाच्या प्रकृतीत नाही. उदाहरणादाखल नातीने सरावासाठी दिलेला एक उतारा घ्या. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस टोचली, एवढाच त्यातील मजकूर. पहिले विधान : ‘लस आधी कैद्यांना टोचली आणि मग हाफकिन यांनी स्वतः घेतली.’ हे खोटे, कारण उतारा नेमके उलट सांगतो. दुसरे : ‘लस घेतलेल्यांपैकी एकाही कैद्यास प्लेग झाला नाही.’ येथे उतारा मूक आहे, तेव्हा सांगता येत नाही. तिसरे : ‘हाफकिन यांच्या नावाची संस्था मुंबईत आहे.’

मी ठामपणे ‘खरे’ म्हणालो. परळच्या त्या इमारतीवरून मी शेकडो वेळा गेलो आहे; १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव दिले, हेही मला ठाऊक आहे. नात शांतपणे म्हणाली, “आजोबा, उताऱ्यात परळ कुठे आहे?”

वास्तविक हा धडा मला नवा असावयास नको होता. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी केलेल्या मनुष्याने दस्तऐवजाबाहेर पाहू नये, हे तर आमचे ब्रीद. एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आंब्याची दोन झाडे नोंदलेली होती आणि ती आपल्या आजोबांनीच तोडली, असे तो काकुळतीने सांगत होता. मी त्यास झाडे आहेत, असे दफ्तर दाखवून पटवून दिले. त्या वेळी त्याने मला मनातल्या मनात जे म्हटले असेल, ते मी नातीसमोर स्वतःस म्हणून घेतले. तात्पर्य इतकेच की, परीक्षेच्या दालनात शिरताना उमेदवाराने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि ज्ञान बाहेर. नैयायिकांनी मानलेल्या चार प्रमाणांपैकी येथे शब्द तेवढा ग्राह्य, तोही समोरच्या उताऱ्याचा. अनुमान करावे, पण त्या शब्दांच्या कुंपणातच. प्रत्यक्षास तर या परीक्षेत मुळीच प्रवेश नाही.

‘सर्व’, ‘कधीही’, ‘केवळ’ हे शब्द विधानात दिसताच सावध व्हावे. ‘काही’ आणि ‘कदाचित’ हे त्या मानाने गरीब स्वभावाचे.

यापुढील सूचना कोणाही भाषाशिक्षकास रुचणार नाही : ही वाचनाची परीक्षा असल्यामुळे उतारा वाचू नये. आधी प्रश्न पाहावा, त्यातील विशेषनाम किंवा सन हेरावा, मग उताऱ्यावर घारीसारखी झडप घालून त्या शब्दाच्या मागचीपुढची दोन वाक्ये उचलावी आणि पुढे जावे. इंग्रजीत विशेषनामाचे आद्याक्षर मोठे काढण्याची रीत असल्यामुळे ते दुरूनही दिसते. देवनागरीत अक्षरांना असा मानमरातब नसल्याने आमच्या डोळ्यांना ती सवय नाही, आणि आम्ही पहिल्या शब्दापासून आदराने वाचीत बसतो. आदराला येथे तीस सेकंद आहेत. जो प्रश्न अडेल त्यावर काहीतरी उत्तर टेकवून, पडद्यावरील निशाण लावून सरकावे. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत, त्यामुळे रिकामी जागा सोडणे ही निव्वळ उधळपट्टी होय. वर्षानुवर्षे या विभागाचे सरासरी गुण इतर विभागांहून कमी येतात, आणि एका वर्षात ही परीक्षा एकदाच देता येते, एवढे ध्यानी ठेवावे.

हे सारे शास्त्र सिद्ध झाल्यावर नातीच्या आग्रहावरून मी घड्याळ लावून एक पूर्ण सराव दिला. एकवीस मिनिटे मी पहिल्या उताऱ्यातच होतो, कारण त्यातील युक्तिवाद मला पटत नव्हता. उरलेल्या मिनिटात चाळीस प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवले. वाचून दिलेल्या चार उत्तरांपैकी दोन बरोबर आली, आणि न वाचता दिलेल्या चाळीसांपैकी तेरा.