पाव टनाचा ट्रक

अमेरिकी लष्कराच्या यादीत जीप ‘पाव टनी ट्रक, फोर बाय फोर’ म्हणून नोंदलेली असे. पाव टन म्हणजे त्यांच्या हिशेबाने जेमतेम सव्वादोन क्विंटल. आमच्या घराण्यातली तीन माणसं बसली की ट्रक भरला. तरीही दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून असे सहा लाखांवर ट्रक बनवले. त्यांतला एक नगर जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडून माझ्या दारात आला. बायकोने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “याचं नक्की काय काय शिल्लक आहे?”

हे सांगायला मिस्त्री लागतात. त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय चोपडी उघडून तुमच्या खापरपणजोबांपर्यंत पोचतात, तसे आमचे मिस्त्री गाडीखाली आडवे होऊन तिच्या मूळ पुरुषापर्यंत पोचले. “पुढचा आडवा बार गोल पाइपचा असता तर विलीज. हा उलट्या पन्हळीसारखा आहे, म्हणजे फोर्ड.” मग त्यांनी एक बोल्ट चिंधीने पुसला. डोक्यावर इंग्रजी एफ. फोर्डने नकाशे विलीजचे घेतले, पण आपल्या बोल्टांवर आपलं अक्षर ठोकायचं सोडलं नाही.

एवढं घरंदाज बॉनेट उघडलं, तर आत ट्रॅक्टर! इंटरनॅशनल बी-२७५चं डिझेल इंजिन. यात त्या बागायतदाराचा दोष नव्हता. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि लिटरला सात-आठ किलोमीटर चालणारी गाडी पोसणं म्हणजे दारात हत्ती झुलवणं झालं. जीप आणि हे ट्रॅक्टर या दोन्हींशी महिंद्रांचा संबंध; त्यांनीही पुढे आपल्या जीपमध्ये हेच डिझेल इंजिन बसवलं. शेतकऱ्याने कारखान्यासारखाच विचार केला. फक्त कारखान्याकडे इंजिनिअर होते आणि याच्याकडे वेल्डिंगवाला.

मला मात्र ओरिजिनल इंजिन हवं होतं. ही इच्छा पुण्यात बोलून दाखवणं धोक्याचं. पेट्रोल भरायला गेलो तरी सल्ले मिळू लागले. “ट्रॅक्सचं टाका. मर्सिडीजच्या घराण्यातलं आहे!” एकाने सांगितलं. मिस्त्रींनी त्यावर खर्चाचा पाढाच म्हटला. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवाल्याकडून जाड प्लेट करून घ्या. खाली चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकतं, म्हणून फाउंडेशन उचला. वजनाने पुढचे पाटे बसतात, म्हणून पाटे वाढवा. सहा व्होल्टवर डिझेलचा सेल्फ फिरत नाही, म्हणून वायरिंग बदला. एवढं झाल्यावर डिझेलचा जोर युद्धातल्या त्या नाजूक गिअरबॉक्सला सोसत नाही, म्हणून गिअरबॉक्स बदला. शिवाय इंजिन बदलल्याची परवानगी आणि आरसी बुकात नोंद. “इंजिन स्वस्त पडतं साहेब,” मिस्त्री म्हणाले, “बाकीची गाडी महाग पडते.”

मग जुना बाजार झाला, कुर्ल्याची भंगारगल्ली झाली. तिथे प्रत्येक दुकानात ओरिजिनल इंजिन असतं. ते कशाचं ओरिजिनल, हे विचारायचं नसतं. एकाने ताडपत्री बाजूला सारून अभिमानाने जे दाखवलं, त्याला वर वाल्व्हचं झाकण होतं. ते निघालं हरिकेन. युद्धानंतरचं, महिंद्रांच्या उंच बॉनेटच्या जीपमधलं. या इंजिनाचे इनलेट वाल्व्ह वर गेले, उंची वाढली, म्हणून तर बॉनेट उचलावं लागलं. युद्धातलं ‘गो डेव्हिल’ डोक्याने सपाट, वर चार प्लग सरळ उभे. हा फरक मी दुकानदाराला समजावला. तो शांतपणे म्हणाला, “तो आप बॉनेट भी ले जाओ.”

शोध लागला तो नारायणगावला. एका तमाशाच्या फडाचा जुना जनरेटर गो डेव्हिलवर चालत होता. ऑइल फिल्टरजवळचा उंचवटा घासला, तर अक्षरं उमटली एमबी, म्हणजे विलीज. माझी चासी फोर्डची! मी हिरमुसलो. मिस्त्री हसले. “लष्कराच्या वर्कशॉपातच याचं त्याला बसवत होते. लढाई चालू असताना नंबर कोण जुळवतंय?”

त्यात या इंजिनाचा स्वतःचा इतिहासही फार सोवळा नाही. त्याचं मूळ १९२६च्या व्हिपेट मोटारीत. विलीजच्या बार्नी रूस या इंजिनिअरच्या हाती आलं तेव्हा ते ४८ हॉर्सपॉवरचं होतं आणि जास्त वेळ ताणलं की धापा टाकायचं. त्याने ते पुन्हा पुन्हा मोडेपर्यंत पळवलं, जे मोडलं ते सुधारलं आणि ६० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं. म्हणजे ज्याला मी ओरिजिनल म्हणून धुंडाळत होतो, ते मुळातच जुन्या गाडीतलं दुरुस्त केलेलं इंजिन. त्या बागायतदाराकडे मी आता जरा आदराने पाहू लागलो.

फडमालक इंजिन विकायला तयार नव्हते. जत्रांचा हंगाम तोंडावर होता आणि अंधारात लावणी कोण बघणार? पण पेट्रोलच्या खर्चाने तेही मेटाकुटीला आले होते. मिस्त्रींनी तोड सुचवली, अदलाबदल! त्यांचं गो डेव्हिल मला, माझं ट्रॅक्टरचं डिझेल त्यांना.

फडमालकांनी बी-२७५ भोवती चक्कर मारली, ब्लॉकवर टिचकी मारली, चेंबरचं नट ओलं आहे का ते बोट लावून पाहिलं. मग भुवया आवळून मला म्हणाले,

“सायेब, सगळं खरं. पण हे ट्रॅक्टरचं ओरिजिनल आहे ना? जोडकाम आपल्याला चालत नाही.”