निळसर धूर

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात, लटकणाऱ्या फॅनबेल्टच्या वेटोळ्यांखाली एक फळी असते. तिच्यावर तळहाताएवढ्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. लेबलवर कुठे ज्वाळा, कुठे उधळलेला घोडा, आणि खाली आश्वासन : ऑइलमध्ये ओता, इंजिन पुन्हा नव्यासारखं. या बाटल्यांचं गिऱ्हाईक ठरावीक वयाचं असतं. गाडीचं नव्हे, मालकाचं वय म्हणतोय मी. पंचविशीतला माणूस कुरकुरणारी गाडी सरळ विकून टाकतो. साठी ओलांडलेला मात्र बाटली उजेडात धरतो, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचू लागतो, आणि वाचता वाचता त्याचा दुसरा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर जातो.

आमच्या अण्णांकडे फियाट होती. कागदोपत्री ती प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण घरात कुणी तिला त्या नावानं हाक मारली नाही. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि सकाळी चावी फिरवली की मागून निळसर धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, आणि थंडीतला पांढरा धूर बहुधा नुसती वाफ. निळा मात्र ऑइल जळत असल्याची खूण. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर घासून सैल झाला, की ऑइल हळूच वर चढतं आणि पेट्रोलच्या पंगतीत जाऊन बसतं. मिस्त्रींनी एका वाक्यात निदान केलं, “काका, गाडी ऑइल खाते. इंजिन खोलावं लागेल.” “खोलल्यावर काय काय निघेल?” अण्णांनी विचारलं. “ते खोलल्यावरच कळेल.” माझ्या मते जगातल्या सगळ्या बाटल्या या एका उत्तराच्या जिवावर विकल्या जातात. अण्णांनीही त्याच संध्याकाळी एक आणली. त्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितलेली अँजिओग्राफी ते दिवाळीनंतरवर ढकलत होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बाटलीत असतं तरी काय? पुष्कळदा ऑइल दाट करणारं पॉलिमर. वयस्क गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य पाहिलाय ना? बुवांचा दम तुटायच्या बेतात आला, की तो अलगद स्वर उचलून धरतो आणि श्रोत्यांना वाटतं, काय हा या वयात दमसास! दाट ऑइल तेच करतं. सैल जागा भरते, खडखड दबते, धूर काही दिवस विरळ होतो. बुवांचा गळा आहे तिथंच असतो. सिलिंडरची झिजलेली भिंत कुठलंही द्रव्य पुन्हा उभारून देत नाही. रबरी सील उष्णतेनं कडक होऊन गळत असतील, तर त्यांना मऊ करणारी रसायनं खरोखर थोडी उपयोगी पडतात. तेवढं श्रेय बाटलीला द्यायला हवं. पण चांगल्या ऑइलमध्ये मळ धुणारी, झीज रोखणारी द्रव्यं कंपनीनं आधीच तोलूनमापून घातलेली असतात. त्यात आपण वरून आणखी जस्त-फॉस्फरस ओतलं, तर हल्लीच्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेवढा लवकर निकामी होतो.

याबाबत अमेरिकाही काही आपल्यापेक्षा शहाणी नव्हे. ‘एसटीपी’ या तिथल्या नावाजलेल्या कंपनीनं आपल्या मिश्रणानं गाडी ऑइल कमी पिते असा गाजावाजा केला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं तो प्रकार धसाला लावला आणि 1978 मध्ये 7 लाख डॉलरची तडजोड झाली. त्यातले 2 लाख डॉलर या तडजोडीचीच जाहिरात वर्तमानपत्रं-मासिकांत छापण्यासाठी होते. स्वतःविरुद्ध जाहिरात द्यायची आणि बिलही स्वतःच भरायचं! पुढे 1996 मध्ये टेफ्लॉनवाल्या ‘स्लिक 50’च्या दाव्यांवरही कमिशननं बोट ठेवलं. सुरू होताना इंजिनाला संरक्षणच नसतं, ही ‘स्लिक 50’वाल्यांनी दाखवलेली भीती खोटी होती. साधं ऑइल ते काम पुरेसं करतं. इतकं होऊनही एसटीपीच्या बाटल्या आजही खपतात. माणसाला पुरावा हवा असतो, पण त्याआधी मुदत हवी असते.

अण्णांना बाटलीनं मुदत दिली. बॉनेट उघडून ते ती शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचे, उलटी धरून थांबायचे, मग डिपस्टिक पुसून प्रकाशात धरायचे. इंजिन त्यांनी कधीच खोललं नाही. अँजिओग्राफी मात्र दिवाळीनंतर झाली, आणि ‘खोलल्यावरच कळेल’ म्हणणारे डॉक्टर त्यांना मिस्त्रींपेक्षा मवाळ वाटले. पद्मिनीच्या वंशाचं म्हणाल, तर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. तिला 20 वर्षांच्या वयोमर्यादेनं घालवलं. धूर निळा की काळा हे कायद्यानं विचारलंच नाही.

तेव्हा तुमच्या गाडीमागे निळं काही दिसलं, तर फळीकडे जाण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. सीलचं दुखणं असेल तर बाटली आणून बघायला हरकत नाही. रिंगा गेल्या असतील आणि इंजिन खोलायची हिंमत किंवा पैसे नसतील, तर दर आठवड्याला डिपस्टिक पाहा आणि कमी झालेलं ऑइल भरत राहा. बाटलीपेक्षा ते स्वस्त पडतं.