झेब्रा, काका आणि सातचा पाढा

आमच्या सोसायटीतले काका पुण्यात राहून पायी रस्ता ओलांडायला निघाले, तिथेच निम्मा निकाल लागला होता. उरलेला निम्मा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागायचा आहे. काकांच्या मांडीत सळई बसली. चालक सुखरूप आहे, चौकशीबद्दल आभार.

तो न्यायालयात येत नाही. पैसे विमा कंपनी देणार असताना त्याने शिवाजीनगरात पार्किंग शोधत का फिरावे? त्यामुळे उलटतपासणी कंपनीच्या वकिलांनी घेतली.

"पदपथ सोडून खाली का उतरलात?"

"पदपथावर पावभाजीची गाडी होती."

"तिला वळसा घालता आला असता."

"पलीकडे तिची टेबलं होती. त्यांच्यापलीकडे महापालिकेचा 'फेरीवाल्यांस मनाई' फलक."

"झेब्रा क्रॉसिंग होतं?"

"मागच्या पावसाळ्यापर्यंत होतं."

विनाअडथळा पदपथ हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले. तेव्हापासून आपल्याकडे मूलभूत हक्कावर पावभाजी मिळते. जादा बटर मारके.

वकिलांच्या मते अपघातात काकांचाही हातभार होता, तेव्हा तेवढी रक्कम कापावी. बरोबरच आहे. काका तिथे नसते तर गाडी धडकली कोणाला असती?

मग हिशेब. अपंगत्व किती टक्के, यापेक्षा कमाई किती टक्के बुडाली हे पाहायचे, असे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात आहे. तिथले उदाहरणच आहे की डावा हात गेला, तर सुताराची कमाई जवळपास सगळी जाते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. (टेबलाखालचा हात कोणता, याची नोंद निकालात नाही.) आमचे काका निवृत्त सरकारी कारकून. मांडी मोडली तरी पेन्शन थांबली नाही, मग नुकसान कसले, हा कंपनीचा सवाल. दोन दुकानांचे हिशेब लिहून काका चार पैसे मिळवायचे, पण रोखीत. आता लंगडत जाऊन दुकानदाराला दाखला मागितला, तर त्याला आयकर खाते आठवते.

त्यात वय 64. सरला वर्मा खटल्याच्या 2009 च्या निकालातला तक्ता सांगतो की या वयाला वार्षिक नुकसान 7 ने गुणायचे. पंचविशीपर्यंतच्या पोराला 18 मिळतात. तेव्हा गाडीखाली यायचेच असेल, तर लग्नासारखे वेळेत उरकावे.

शुश्रूषेच्या खर्चावर तर कळसच झाला.

"सेवेला कोण होतं?"

"आमची ही."

"पगार दिल्याची पावती?"

काकू मागच्या बाकावरून उठल्या. "लग्नापासूनची थकबाकी धरून देऊ का?" म्हणाल्या. न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

आता कंपनीने लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे केला आहे. मागणीच्या निम्म्याहून कमी. काका लढायला तयार आहेत, पण प्रत्येक तारखेला कुबडी घेऊन न्यायालयासमोरचा रस्ता ओलांडावा लागतो. दुसऱ्यांदा उडवले तर वेगळा दावा करावा लागेल, आणि पासष्टी ओलांडली की सातच्या जागी पाच येतात. काकूंनी सही करायला सांगितली आहे.