पंचवीस मीटर आणि भरपूर उजेड

वाहन चालवण्याच्या परवान्याचे, म्हणजे लोक ज्याला लायसन म्हणतात त्याचे, नूतनीकरण करू पाहणाऱ्या चाळिशीपुढील नागरिकाला केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांमधील 'नमुना 1-अ' नावाचे वैद्यकीय प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. या प्रमाणपत्रात डॉक्टरला जे प्रश्न विचारलेले आहेत त्यांपैकी एकाकडे वऱ्हाडातील विद्वानांचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही: अर्जदाराला चांगल्या दिवसाउजेडी 25 मीटर अंतरावरून मोटारीची नंबर प्लेट नजरेने ओळखता येते काय? अमरावती घ्या की अकोला, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे असते, आणि 'नाही' असे लिहिलेला कागद पाहिलेला मनुष्य शोधूनही सापडत नाही.

हे 25 मीटर डॉक्टर मोजतात कोठे, हा खरा संशोधनाचा विषय आहे. तपासणीची खोली बहुधा दहा बाय दहाची, म्हणजे लांबीला सुमारे 3 मीटर असते, आणि त्यातही टेबल, वजनकाटा व औषध कंपनीने दिलेले हृदयाचे प्लॅस्टिकचे मॉडेल यांनी आपापला हिस्सा आधीच घेतलेला असतो. दृष्टी तपासण्याचा अक्षरांचा तक्ता 6 मीटरवरून वाचायचा असतो (6/6 या आकड्यातील पहिला सहा तो हाच), आणि खोली अपुरी असेल तर तक्ता अर्जदाराच्या मागे व आरसा समोर लावून 3 मीटरचे 6 करण्याची युक्ती नेत्रवैद्यकाला मान्य आहे. या हिशेबाने 25 मीटर भरायचे झाल्यास प्रकाशकिरणाला तीच खोली आठ वेळा ओलांडावी लागेल आणि तरीही एक मीटर उधार राहील. त्यासाठी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर आरसे हवेत, आणि तशी व्यवस्था वऱ्हाडात दवाखान्यात नसून केशकर्तनालयात असते. तेव्हा प्रमाणपत्र देण्याचा अधिकार सलूनचालकाला द्यावा, अशी सूचना येथे पूर्ण गांभीर्याने करण्यात येत आहे, कारण अर्जदाराच्या श्रवणशक्तीकडे आणि हातपाय व सांध्यांच्या स्थितीकडे आपण विशेष लक्ष दिले असे जे विधान नमुना 1-अ मध्ये छापलेले आहे ते त्याच्याच बाबतीत अक्षरशः खरे ठरते: तो गिऱ्हाइकाचे कान स्वतः धरून दुमडतो, खांदे दाबतो, मान दोन्ही बाजूंना वळवून तिचा आवाज ऐकतो, आणि हे सर्व करताना गिऱ्हाईक समोर प्रत्यक्ष हजर असते.

अर्जदाराला रस्त्यावर आणून तपासावे, हा दुसरा मार्ग आहे. अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात 25 मीटरच्या टप्प्यात दोन हातगाड्या, एक ऑटो, एक बसलेली गाय आणि वाढदिवसाचा एक फलक एवढे साहित्य हमखास आडवे येते. उजेडाची अट मात्र वऱ्हाडात भरभरून पाळली जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की उजेड इतका चांगला होतो की डॉक्टर आणि अर्जदार दोघेही अकरा ते पाच घराबाहेर पडत नाहीत.

समजा, गाय उठली, फलक निघाला आणि ढग आले. आता प्रश्न उरतो तो समोरच्या पाटीचा. नियम 51 प्रमाणे मोटारीच्या पाटीवरील अक्षर 65 मिलिमीटर उंच व 10 मिलिमीटर जाड असावे आणि दोन अक्षरांत 10 मिलिमीटर जागा सुटावी. प्रत्यक्षात 4141 या आकड्याला वेलांट्या देऊन त्याचा 'दादा' केलेला असतो, 214 चा 'राम' झालेला असतो, उरलेल्या जागेत डरकाळी फोडणारा वाघ बसतो आणि एमएच 27 किंवा एमएच 30 ही अक्षरे वाघाच्या शेपटीखाली दाटीवाटीने उभी असतात. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक ती पाटी पाहून 'दादा' असे म्हणाले, तर त्यांची दृष्टी उत्तम असूनही उत्तर चुकलेले असते, ही शासकीय परीक्षापद्धतीतील एक नाजूक अडचण मानावी लागेल. अशा पाट्यांवर उपाय म्हणून उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आली. नव्या वाहनांना ती 1 एप्रिल 2019 पासून लागू आहे; जुन्या वाहनांना महाराष्ट्रात मुदत दिली गेली, मग मुदतवाढ, आणि मग मुदतवाढीला मुदतवाढ.

ब्रिटनमध्ये हीच कसोटी 20 मीटरवरून घेतात आणि, नवल म्हणजे, खरोखर घेतात: परीक्षक उमेदवाराला गाडीत बसण्याआधी रस्त्यालगत उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीची पाटी वाचायला सांगतो. जपानमध्ये वयाच्या 75 वर्षांनंतर स्मरणशक्तीची चाचणी असते, तीत 16 चित्रे दाखवून मग ती आठवायला लावतात. आपल्याकडे तशी चाचणी नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अर्ज भरताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो, तो मोबाइल पुण्याच्या मुलाकडे असतो, मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि त्याने फोनवर घाईघाईने सांगितलेले सहा आकडे पडद्यावरची मुदत संपण्यापूर्वी जो वृद्ध बिनचूक टाकतो, त्याला जपानने विनाचाचणी परवाना द्यायला हरकत नाही.

प्रमाणपत्रावर 'मी अर्जदाराची स्वतः तपासणी केली आहे' हे वाक्य छापूनच येते, त्यामुळे ते खोटे लिहिण्याचे श्रमही कोणाला पडत नाहीत. बहुतेक वेळा डॉक्टरकडे जातो तो अर्जदाराचा फोटो, अर्जदार घरी चहा पीत असतो, आणि झेरॉक्सच्या दुकानाशेजारी खुर्ची टाकून बसणारा मध्यस्थ, ज्याला सगळे एजंट म्हणतात, अर्जदाराला सांगून गेलेला असतो, "काकाजी, तुमी निस्ती सई करा, बाकी सारं म्या पायतो." या सर्व प्रक्रियेत खरी तपासणी एकाच गोष्टीची होते. डॉक्टरची सही अर्धी फोटोवर व अर्धी कागदावर पडली पाहिजे असा नियम आहे, आणि ती पूर्ण कागदावर पडली तर अर्ज परत येतो. फोटोतील गृहस्थाला मोतीबिंदू असला तर अर्ज परत येत नाही.

येथवर हसून झाले, आता हिशेब. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तिशीच्या आत काढलेला खासगी वाहनाचा परवाना चाळिशीपर्यंत चालतो, म्हणजे अठराव्या वर्षी 'माझी प्रकृती ठणठणीत आहे' असे स्वतःच लिहून देणाऱ्या पोराचे डोळे पुढची 22 वर्षे कोणीही पाहत नाही, मग तो फोडलेल्या सायलेन्सरची बुलेट घेऊन रात्री बारा वाजता अमरावतीच्या पंचवटी चौकात काय वाटेल ते करो. उलट पंचावन्न ओलांडलेल्या माणसाने दर 5 वर्षांनी आपण आंधळे नसल्याचा कागद आणायचा, आणि तो कागदही कोणी वाचायचा नाही! नमुना 1-अ विचारतो, अर्जदाराला रातांधळेपणा आहे काय? अहो, ज्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर अमरावती-अकोल्यादरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला, त्याच रस्त्यावर कापसाच्या हंगामात अंधार पडला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात, ज्यांच्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पाटी असलीच तर ती बाहेर लोंबणाऱ्या कापसाखाली गेलेली! ती ट्रॉली घुबडालाही दिसत नाही. तिला धडकून मेलेल्या माणसाच्या खिशात वैध परवाना आणि 'रातांधळेपणा नाही' असा दाखला असतो. ट्रॉलीला दाखला कोण मागतो? रस्ता साडेचार दिवसांत विक्रमी वेगाने होतो आणि त्यावरून जाणाऱ्या वाहनाला चार रुपयांची लाल पट्टी लावायला माणूस मिळत नाही, हा कारभार ज्यांना दिसत नाही त्यांची नजर 25 मीटरवरून नव्हे, एका हातावरून तपासायला हवी.

या सगळ्याला कंटाळून ज्या वृद्धांनी मुदत टळून एक वर्ष जाऊ दिले, त्यांच्यासाठी कायद्यात पुन्हा चालन चाचणीची तरतूद आहे, म्हणजे चाळीस वर्षे लुना आणि स्कूटर चालवलेल्या गृहस्थाने मैदानावर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवून दाखवायची. यावरही उपाय तयार असतो, तो झेरॉक्सच्या दुकानाशेजारीच बसलेला असतो, आणि "काकाजी, तुमी सावलीत बसा, तुमचा आठ म्या काढतो" असे तो मोठ्या आपुलकीने सुचवतो. त्याचे स्वतःचे वय चाळीसच्या आत असल्यामुळे त्याचे डोळे तपासण्याची आवश्यकता कायद्याला वाटलेली नाही.