एक सात सात सात

परमिशनकाका तुमच्याही ऑफिसात असणार. सर्व्हरखोलीच्या दाराशी बसतात, मे महिन्यातही स्वेटर घालतात, आणि "काका, जरा ॲक्सेस द्या ना" म्हटलं की चष्म्यावरून असं बघतात, जणू आपण देवघरातली चांदी मागितली.

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या काकांना म्हणालो, "सामायिक डिरेक्टरीला सातशे सत्याहत्तर करून टाका."

"सातशे नाही. सात, सात, सात. अष्टमान आहे ते. वाचायला चार, लिहायला दोन, आत शिरायला एक. मालक, गट आणि रस्त्यावरचा माणूस, तिघांना सारखंच? घरीपण असंच करतोस?"

सगळं जगच त्यांच्या लेखी तीन आकड्यांत मावायचं. एका लग्नात मधुमेही काका जिलब्यांसमोर उभे होते. म्हणाले, "मला इथे चार. नुसतं वाचायचं."

मी हट्टानं सात-सात-सात मिळवलं आणि महिन्याभरात माझा रिपोर्ट गायब झाला. फाइलीवर सहा-शून्य-शून्य, माझ्याशिवाय कुणाला उघडताही येत नव्हती! मी थयथयाट केला. काका थंड.

"डिरेक्टरी म्हणजे हजेरीपट. फाइल पुसणं म्हणजे पटावरचं नाव खोडणं. पटावर लिहायची मुभा गावाला दिलीस, मग फाइलीला कुलूप घालून काय उपयोग?"

त्यांनी पुढे एक लावला, म्हणजे स्टिकी बिट: एक-सात-सात-सात. स्लॅश टेंपला असतो तोच. परवानग्यांच्या शेवटचा एक्स जाऊन टी आला. आता नाव कुणीही घालावं, खोडावं ज्याचं त्यानं, नाहीतर डिरेक्टरीच्या मालकानं किंवा रूटनं. "गच्चीवरची दोरी," काका म्हणाले. "वाळत सगळ्यांनी घालावं, काढताना आपलंच काढावं." दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फ्रिजवर चिठ्ठी: १७७७. डबे जातच राहिले. चोराला युनिक्स येत नसावं.

इतरांचा एक्स काढून घेतला की हाच टी मोठा दिसतो. मॅनेजरला काका 'मोठा टी' म्हणत. खुर्चीला चिकटलेला, आणि आत कुणाला येऊ देत नाही.

या बिटाला स्टिकी का म्हणतात, हे मात्र विचारू नये. काका थेट युनिक्सच्या १९७४ च्या पाचव्या आवृत्तीपासून सुरू करत. तेव्हा हा बिट प्रोग्रामला लावत. काम संपलं तरी प्रोग्राम स्वॅपमध्ये चिकटून राही, पुढच्या वेळी झटकन सुरू होई. पुढे ती गरज सरली. १९८६ मध्ये बर्कलेवाल्यांनी त्याला डिरेक्टरीच्या राखणीला बसवलं, निवृत्त माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करतात तसं. नाव जुनंच.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. सोसायटीचे सेक्रेटरी झाले नाहीत, गावी गेले. त्यांचं खातं मीच बंद केलं. सामायिक डिरेक्टरीत त्यांची एक छोटी फाइल राहिली आहे. खातं गेलं की युनिक्स मालकाचं नाव विसरतं, आकडा तेवढा दाखवतं. तिथे आता १००३ दिसतं.

रूटचा पासवर्ड माझ्याकडे असतो. डिस्क भरत आली की मी साफसफाईला बसतो. बाकीचं सगळं पुसतो.