तुघलकी सहल, इयत्ता सातवी

मुहम्मद बिन तुघलकाला लोकांनी उगाच वेडा ठरवलं. १३२७ साली त्यानं दिल्लीतले अमीर-उमराव, काझी-मौलवी बायकामुलांसकट उचलले आणि दौलताबादला आणून टाकले. हजार किलोमीटरच्या वर अंतर, चाळीस दिवसांची वाट. आपल्याकडच्या शाळा दर डिसेंबरात हेच करतात, फक्त त्याला शैक्षणिक सहल म्हणतात. मुख्याध्यापकांना मात्र कुणी वेडं म्हणत नाही. उलट त्यांना अहवाल पाठवायचा असतो.

तुघलकाचा एकच गुन्हा: त्यानं पालकांचं संमतीपत्र घेतलं नाही. बाकी त्याची व्यवस्था आपल्यापेक्षा बरी असावी. दिल्ली-दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं होती, टप्प्याटप्प्यावर थांबायची सोय होती, असं इब्न बतूता लिहून गेलाय. आमच्या वाटेवरची सोय म्हणजे एक ढाबा. ढाब्यामागे एक स्वच्छतागृह, त्याच्या दाराला कडी नाही. बाहेर सातवीच्या मुलींची रांग, आणि दार धरून उभी राहायला प्रत्येकीला एक मैत्रीण. म्हणूनच सहलीला निघालेल्या मुली आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. सूचनापत्रकात मात्र ‘पाण्याची बाटली सक्तीची’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं.

हे सूचनापत्रक जपून ठेवण्यासारखं होतं. शहराचं नाव जुन्या फाइलमधून आलेलं, त्यावर व्हाइटनर लावून पेनानं ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिलेलं. खाली शुल्क, त्यात ‘सर्व ठिकाणचे प्रवेश शुल्क समाविष्ट’. आता पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, आणि सातवीचं पोर बारा-तेरा वर्षांचं. एका पालकानं सभेत हे विचारलं. उत्तर मिळालं, ‘किरकोळ खर्च असतात.’ विचारणाऱ्याला तिथल्या तिथे पालक प्रतिनिधी करून बसमध्ये चढवण्यात आलं. तो पालक मीच.

पालक प्रतिनिधीचं काम एकच, मोजणी. मुलं बसमध्ये चढली की मोजायची, उतरली की मोजायची, पुरीभाजीला बसली की मोजायची. एस.टी.नं शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी दिली होती. मागच्या बाकांवर अंताक्षरी, पुढच्या बाकांवर लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. अशा थाटात आम्ही सोमवारी रात्री निघालो. सोमवारच का? शनिवारी सकाळची शाळा, रविवार शिक्षकांच्या हक्काचा. बुधवारी सकाळी मुलं परत वर्गात. नियोजनात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी आम्ही वेरूळच्या दारात उभे राहिलो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.

काल-परवाचा नियम नाही हा. तिथे पाटी आहे, पुस्तकांत आहे, चहावाल्याला तोंडपाठ आहे. चहावाला म्हणाला, ‘दर मंगळवारी येतेच एखादी शाळा.’ त्याच्या आवाजात कीव नव्हती. मंगळवारी त्याचा चहा जास्त खपत असावा. सरांनी शिट्टी फुंकली, ओळी केल्या आणि बंद फाटकाकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक. कैलास लेणं कळसापासून पायापर्यंत, म्हणजे वरून खाली कोरत आणलेलं, एकाच डोंगरातून. एकूण लेणी ३४: बौद्ध, हिंदू, जैन. १९८३ पासून जागतिक वारसा. माहितीत एक चूक नव्हती. पुढच्या ओळीतल्यांना फाटकाच्या गजांतून लांबवर थोडा काळा दगड दिसला. मागच्या ओळीला पुढच्या ओळीच्या टोप्या दिसल्या. एका मुलानं विचारलं, ‘सर, वरून खाली कोरताना चूक झाली तर?’ प्रश्न लाख मोलाचा होता. सर म्हणाले, ‘ओळ मोडू नकोस.’

तिथून दौलताबाद. किल्ला उघडा होता, त्याबद्दल पुरातत्त्व खात्याचे आभार. यादवांची देवगिरी, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, चांद मिनार, मेंढा तोफ हे सगळं आम्ही चालता चालता उरकलं. बालेकिल्ल्यापर्यंत जायला वेळ नव्हता, पण अंधारी दाखवू, असं ठरलं.

ही अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातली वळणावळणाची काळोखी वाट. पायऱ्या उंच-सखल, दोन सारख्या नाहीत. वर वटवाघळं, आणि त्यांचा वास नाकातून संध्याकाळपर्यंत जात नाही. योजना अशी की शत्रू आत शिरला की त्याला आपला कोण आणि परका कोण ते कळू नये, आणि त्यांनी एकमेकांनाच कापून काढावं. आमचे ४८ आत शिरले. त्याच वेळी वरच्या बाजूनं दुसऱ्या एका शाळेची सहावी उतरत होती. त्यांच्याही टोप्या पिवळ्या. त्यांच्याही सरांकडे शिट्टी. अंधारात दोन्ही शिट्ट्या एकदम वाजल्या. पोरांनी किंकाळ्या फोडल्या, वटवाघळं उठली, मोबाइलचे दोन दिवे लागले आणि कुणाच्या तरी हातून खाली पडले.

बाहेर आल्यावर मोजणी केली. ५०.

पुन्हा मोजले. ५०. सरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सहलीचे नियम पानभर आहेत: समुद्रात उतरू देऊ नये, प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी, मूल हरवल्यास कुणाला कळवावं. मूल वाढल्यास काय करावं, यावर परिपत्रक नाही. एक बाई म्हणाल्या, ‘कमी नाहीत ना? मग चला.’ वेळेच्या दृष्टीनं ही सूचना योग्यच होती, कारण मकबरा राहिला होता. शेवटी हजेरी घेतली तेव्हा दोन मुलं गप्प राहिली. पैकी एकाला आपली चुकामूक झाल्याचं कळलं होतं, पण आमच्याकडे चकल्या जास्त आहेत हेही कळलं होतं.

तुघलकाचा हिशेब याहून कडक. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला त्यानं फरफटत दौलताबादला न्यायला सांगितलं आणि पोचला तो नुसता पाय, अशी ऐकीव हकिकत इब्न बतूतानं नोंदवलीय. खरीखोटी देव जाणे. आम्ही दोन्ही मुलं पायांसकट परत केली.

बीबी का मकबरा पालकांना लगेच समजतो. औरंगजेबाच्या बेगमेचं, दिलरस बानूचं हे स्मारक तिच्या मुलानं, आझमशाहानं उभारलं असं मानतात. नमुना ताजमहालाचा, पैसा मात्र हात आखडूनच मिळालेला. म्हणून खालच्या अंगाला आणि घुमटाला संगमरवर, मधे गिलावा. सहलीचं पत्रक आणि प्रत्यक्ष सहल यांचंही साधारण असंच असतं. मुख्य दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. ‘मग आपण लिहिलं की फटके का?’ असं कुणीतरी कुजबुजलं. जवळच्या भिंतीवर मागच्या सहलींतल्या काही कलावंतांनी बदामासकट उत्तर देऊन ठेवलं होतं.

पाणचक्कीला पोचेपर्यंत अंधारायला लागलं. तिथला माणूस मन लावून सांगत होता: मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, नहर खणली, नंतर १७४४ साली ही पाणचक्की, हर्सूलकडून जमिनीखालून आणलेलं पाणी, निव्वळ उताराच्या जोरावर वर चढवलेलं, त्यावर फिरणारं जातं, फकिरांसाठी दळण. मुलं दिवसभरात पहिल्यांदाच गप्प उभी होती, कारण पाणी खरोखर पडत होतं. मग त्यानं सहज सांगितलं की त्याच्या घरी नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. जायकवाडीचं अवाढव्य धरण जवळच, महानगरपालिका आधुनिक, पंप विजेचे. एका मुलीनं विचारलं, ‘मग मलिक अंबरला का नाही बोलवत?’ सर म्हणाले, ‘हा भाग परीक्षेला नाही,’ आणि शिट्टी फुंकली.

बुधवारी वर्गात निबंध: ‘आमची ऐतिहासिक सहल’. मुलांनी निबंधमालेतून उतरवून काढला. कैलास लेण्याच्या आत शिरताच सगळ्यांची छाती अभिमानानं भरून आली, हत्तीचं शिल्प पाहून सगळ्यांचे डोळे दिपले. दहापैकी आठ, नऊ. एकानंच बंद फाटक, पिवळ्या टोप्या आणि जास्तीची दोन मुलं लिहिली. त्याला चार मिळाले. शेरा लाल शाईत: ‘विषयांतर. वेरूळचे वर्णन कुठे आहे?’